पैसे टेक्ससने दिले, अपघात टेनेसीत, माणूस जॉर्जियाचा: लिएन कोणत्या कायद्याने?

रात्रपाळी_बडोदा:

नमस्कार मंडळी. अमेरिकन कॅरिअरच्या (विमा कंपनीच्या) वर्कर्स कॉम्पच्या, म्हणजे कामावर झालेल्या इजेच्या भरपाईच्या, सब्रोगेशन फाइली (दिलेले पैसे खऱ्या दोषीकडून वसूल करण्याच्या) बडोद्यातून पाहणारे इथे बरेच आहेत, म्हणून इथेच विचारतो. ओळख पटेल असं काही लिहीत नाही, आकडेही थोडे बदललेत.

ट्रक ड्रायव्हर, राहणार डाल्टन, जॉर्जिया. मालक टेक्ससचा, भरती टेक्ससात, पॉलिसीही तिथलीच. टेनेसीत चॅटनूगाजवळ फर्निचर पोहोचवणाऱ्या एका स्थानिक कंपनीच्या बॉक्स ट्रकने लेन बदलताना याला घासलं. खांदा आणि मणका. त्याला आता नऊ महिने झाले. लेजरवर टेक्सस कॉम्पखाली ९६,४०० डॉलर दिसतात. समोरच्या कंपनीच्या विमेदाराशी ड्रायव्हरच्या वकिलाची बोलणी १,८०,००० डॉलरच्या आसपास आली आहेत. कोर्टात अजून काही दाखल नाही.

वकील अटलांटाचा. त्याचं पत्र असं: अशील जॉर्जियाचा रहिवासी, सबब जॉर्जिया कोडचं कलम ३४-९-११.१ लागू, अशिलाची पूर्ण भरपाई झालेली नाही, सबब तुमचं लिएन (सेटलमेंटच्या रकमेवरचा वसुलीचा हक्क) शून्य. आमचा टीम लीड म्हणतो, अपघात टेनेसीत ना, मग टेनेसीचा कायदा. क्लायंटकडची अ‍ॅडजस्टर (दावा हाताळणारी) म्हणते, पैसे टेक्ससने दिले, टेक्सस. तिघांत बरोबर कोण आणि उत्तरात नेमकं लिहायचं काय? डायरीत लिमिटेशन (दावा लावायची मुदत) दोन वर्षं टाकलेलं आहे त्यामुळे तशी घाई नाही, पण मसुदा शुक्रवारी द्यायचाय.

---

पोटकलम:

घाई आहे. लिएनचं नंतर बोलू, आधी डायरी उघडा.

टेनेसीत शारीरिक इजेच्या दाव्याची मुदत एक वर्ष आहे, टेनेसी कोड २८-३-१०४. दोन वर्षं टेक्ससची, आणि जॉर्जियाचीही. फाइल टेक्ससची म्हणून कोणीतरी टेक्ससचं वर्ष टाकलं असणार. दावा चॅटनूगात लागला की मुदत तिथल्या कोर्टाच्या कायद्याने मोजली जाते, कारण मुदत हा प्रक्रियेचा भाग धरतात. हे करायला राज्याला घटनेची आडकाठी नाही, असं सुप्रीम कोर्टाने सन ऑइल विरुद्ध वॉर्टमन (१९८८) मध्ये सांगितलेलं आहे. म्हणजे तुमच्या हातात साधारण तीन महिने उरलेत.

आता कोणी म्हणेल की टेनेसीच्या कॉम्प कायद्यात कलम ५०-६-११२ आहे. कामगाराने वर्षभरात दावा लावला नाही तर हक्क आपोआप मालकाकडे येतो आणि वर सहा महिने मिळतात. खरं आहे, पण ती सवलत टेनेसी कॉम्पखाली पैसे देणाऱ्यासाठी लिहिलेली आहे. तुम्ही दिलेत टेक्ससखाली. त्या सहा महिन्यांच्या भरवशावर बसू नका. समोरच्या ड्रायव्हरवर फौजदारी आरोप लागला असेल तर मुदत दोन वर्षं होऊ शकते, पण तेही पोलीस रिपोर्ट हातात आल्याशिवाय डायरीत लिहायचं नाही. तुमचा हक्क कामगाराच्या हक्कातूनच निघतो. त्याचा दावा मुदतबाह्य झाला तर तुमचंही संपलं, मग लिएन टेक्ससचं की जॉर्जियाचं याला काही अर्थ उरत नाही.

आता तुमचा प्रश्न. लिएनपुरती अ‍ॅडजस्टर बरोबर. आधार सांगायचा तो रिस्टेटमेंट सेकंड, कॉन्फ्लिक्ट ऑफ लॉज, कलम १८५ चा. त्याचा मथितार्थ असा: ज्या राज्याच्या कॉम्प कायद्याखाली कामगाराला भरपाई मिळाली, त्याच राज्याचा कायदा ठरवतो की पैसे देणाऱ्याचा तिसऱ्या पक्षाकडून आलेल्या रकमेत किती वाटा. कामगार राहतो कुठे किंवा धडक कुठे झाली यावर ते ठरत नाही. कारणही सरळ आहे. टेक्ससने कॉम्पचे दर, विम्याचा हप्ता आणि वसुलीचा हक्क हे एकाच हिशोबात बसवलेले असतात. त्यातला एक तुकडा काढून दुसऱ्या राज्याचा लावला तर हिशोबच मोडतो.

पण १८५ हा कायदा नाही, ते तज्ज्ञांनी मांडलेलं सूत्र आहे. ते त्या कोर्टाने स्वीकारलेलं असावं लागतं. टेनेसीने टॉर्टसाठी (इजा-नुकसानीच्या दिवाणी दाव्यांसाठी) जुना ‘अपघात जिथे कायदा तिथला’ नियम सोडून रिस्टेटमेंट सेकंडची पद्धत हॅटावे विरुद्ध मॅकिनली (१९९२) मध्ये घेतली, त्यामुळे तिथे १८५ मांडायला जमीन आहे. जॉर्जियाने मात्र २००५ च्या डोविस निकालात जुनाच नियम कायम ठेवला. म्हणून हाच वाद जॉर्जियाच्या कोर्टात गेला तर सुरुवातच वेगळ्या जागेवरून होते. तुमचा प्रतिवादी टेनेसीचा, अपघात टेनेसीत. तेव्हा अटलांटाच्या वकिलाला दावा जॉर्जियात ओढणं सोपं नाही. त्याचं लेटरहेड अटलांटाचं आहे, एवढ्याने कायदा अटलांटाचा होत नाही.

तुमचा टीम लीड पूर्ण चुकला असंही नाही. कोणाचा दोष किती, हे टेनेसीच ठरवणार. एका फाइलमध्ये वेगवेगळ्या प्रश्नांना वेगवेगळ्या राज्यांचे कायदे लागतात, त्यात गोंधळण्यासारखं काही नाही:

लिएन किती, वकिलाची फी त्यातून किती, पुढच्या भरपाईला क्रेडिट (वजावट) मिळतं का – टेक्सस.
ड्रायव्हरचा स्वतःचा दोष किती चालतो – टेनेसी. ५० टक्के किंवा जास्त भरला तर हाती शून्य.
मुदत – टेनेसी, एक वर्ष.
मालकावर थेट दावा चालतो का – ज्या कॉम्प कायद्याने त्याला संरक्षण दिलंय तो, इथे टेक्सस (रिस्टेटमेंट १८४).

प्रतिवादीने प्रकरण फेडरल कोर्टात नेलं तरी यात फरक पडत नाही. सुप्रीम कोर्टाच्या क्लॅक्सन (१९४१) निकालापासून ठरलेलं आहे की फेडरल कोर्ट ज्या राज्यात बसतं त्याच राज्याचे निवडीचे नियम वापरतं.

---

लेजरताई:

पोटकलमदादांनी कायद्याचं सांगितलं, मी पैशाचं सांगते. कारण क्लायंट पहिल्यांदा तेच विचारणार.

आधी ९६,४०० हा आकडाच पत्रात टाकू नका. लेजरचं पेमेंट-कोडनिहाय एक्स्पोर्ट काढा. टोटलमध्ये नेहमी खर्चाच्या ओळी घुसलेल्या असतात: बिल रिव्ह्यूची फी, नर्स केस मॅनेजर, तपासनीस. समजा त्या १,१५०, २,४०० आणि ८५० आहेत, म्हणजे ४,४००. हा कॅरिअरचा स्वतःचा खर्च, कामगाराला दिलेला लाभ नव्हे. तो वजा केला की ९२,००० उरतात. त्यात ६१,००० वैद्यकीय आणि ३१,००० उत्पन्नभरपाईचे, म्हणजे टेक्ससच्या भाषेत टिब्ज (तात्पुरती उत्पन्नभरपाई) आणि इब्ज (कायमच्या अपंगत्वाची). समोरच्या वकिलाला त्या ४,४०० ची एक ओळ सापडली की तो उरलेल्या ९२,००० वरही संशय घेतो, आणि मग प्रत्येक बिल मागतो.

आता १,८०,००० चा सेटलमेंट धरा, वकिलाची फी एक तृतीयांश म्हणजे ६०,०००, खर्च ६,०००.

टेक्सस: पहिला पैसा कॅरिअरचा, लेबर कोड ४१७.००२. पूर्ण भरपाई झाली की नाही हा प्रश्नच येत नाही. कॅरिअरचा स्वतःचा वकील सक्रिय नसेल तर ४१७.००३ प्रमाणे त्याच्या वसुलीतून जास्तीत जास्त एक तृतीयांश फी जाते, वर खर्चाचा प्रमाणात वाटा. ९२,००० उणे ३०,६६७ उणे ३,०६७, हाती ५८,२६६. ड्रायव्हरकडे ५५,७३४ राहतात, आणि ती रक्कम पुढच्या लाभांवरची उचल समजतात. म्हणजे ती संपेपर्यंत पुढचे हप्ते आणि बिलं थांबवता येतात. मणक्याची केस आहे, दुसरी सर्जरी डोक्यावर असेल तर हे क्रेडिट ५८,२६६ पेक्षाही मोलाचं ठरू शकतं. बहुतेक लोक पत्रात ते मागायलाच विसरतात.

जॉर्जिया: कामगाराची आर्थिक आणि बिगर-आर्थिक, सगळी हानी पूर्ण भरून निघाली हे कॅरिअरला दाखवावं लागतं. सेटलमेंट एकरकमी झाला, वेदनेचे किती आणि पगाराचे किती हे कुठे लिहिलेलंच नाही, तर दाखवणार कशावरून? त्यामुळे प्रत्यक्षात बहुधा शून्य. वर जॉर्जियात पुढच्या लाभांना क्रेडिट नाही. वसुली फक्त दिलेल्या रकमेपुरती.

टेनेसी: तिथेही लिएन आहे आणि फीचा वाटा कापतात, त्यामुळे मागच्या रकमेपुरता टेक्ससपेक्षा फार फरक पडत नाही. म्हणून खरी मारामारी टेक्सस विरुद्ध जॉर्जिया, तीही साठ हजार डॉलरच्या आतबाहेर. तुमच्या लीडचं उत्तर चुकीचं असून इथे नुकसान करत नाही, हा योगायोग. विस्कॉन्सिन असतं तर त्याच १,८०,००० मधून फी-खर्च जाऊन उरलेल्या १,१४,००० चा तिसरा हिस्सा, ३८,०००, आधी कामगाराला आणि ७६,००० कॅरिअरला. एकच अपघात, एकच रक्कम, आणि ५८,२६६, शून्य, ७६,०००. कायद्याची निवड म्हणजे पुस्तकी वाद असं ज्यांना वाटतं त्यांना हे तीन आकडे दाखवावेत.

---

पोटकलम:

ताईंच्या हिशोबात एक धोका जोडतो. प्रतिवादी म्हणणार की तुमच्या ट्रकचे ब्रेक मालकाने नीट ठेवले नव्हते. टेक्ससच्या ४१७.००१ प्रमाणे ज्युरीने मालकावर दोषाची टक्केवारी ठेवली आणि त्यामुळे निकालाची रक्कम घटली, तर तेवढी कॅरिअरच्या वसुलीतून वजा होते. पण इथे दोष ठरवणार टेनेसी, आणि टेनेसीत कॉम्पचं संरक्षण असलेल्या मालकावर ज्युरीला टक्केवारी ठेवताच येत नाही (रिडिंग्ज, १९९६). टक्केवारीच नाही तर वजाबाकी कशाची? हा युक्तिवाद तुमच्या बाजूचा आहे, तो आधी मांडून ठेवा. सेटलमेंटच्या टेबलावर समोरचा हमखास ‘मालकाचे २५ टक्के धरा’ म्हणून लिएन घासायला बघतो.

---

रात्रपाळी_बडोदा:

दोघांचे आभार. डायरी बदलली, क्लायंटला मुदतीचा मेल आत्ताच गेला. दोन शंका. एक, आमच्या फाइलमध्ये कुठलाही अवॉर्ड, ऑर्डर असं काही नाही. कॅरिअरने स्वतःहून पैसे दिलेत. १८५ च्या मूळ शब्दांत तर अवॉर्ड (भरपाईचा आदेश) म्हटलंय. दोन, पत्र गेल्यावर ड्रायव्हरने उद्या जॉर्जियात कॉम्प मागितली तर?

---

पोटकलम:

एक. बहुतेक कॉम्प फाइली अशाच, आदेशाविना चालतात. कोर्टाला बघायचं असतं की पैसे कोणत्या कायद्याखाली गेले. ते कागदावर दाखवा. पॉलिसीच्या इन्फर्मेशन पेजवर ३-ए मध्ये (ज्या राज्यांच्या कॉम्पसाठी पॉलिसी आहे ती यादी) टेक्सस आहे का? जॉर्जिया ३-ए त आहे की ३-सी त (इतर राज्यांची यादी)? राज्याकडे गेलेल्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक रिपोर्टवर ज्युरिस्डिक्शन कोणतं टाकलंय? टिब्जचा दर टेक्ससच्या सूत्राने काढलाय का? आणि मुख्य म्हणजे जॉर्जियाचा डब्ल्यूसी-१ फॉर्म, त्याचा पेमेंट सुरू केल्याचा बी भाग, चुकून कोणी भरला नाही ना? ड्रायव्हरचा पत्ता जॉर्जियाचा दिसला की इनटेकवाला सवयीने जॉर्जियाची फाइल उघडतो, दोन आठवड्यांनी कोणाच्या लक्षात येतं, फाइल टेक्ससला हलवतात, पण जुना फॉर्म तिथेच पडून राहतो. तो कागद अटलांटावाल्याला मिळाला तर त्याचं शून्यवालं पत्र एकदम वजनदार होतं.

आणि टेक्सस आहे म्हणून आणखी एक: तिथे खाजगी मालकाला कॉम्प घेण्याची सक्ती नाही. नॉन-सबस्क्रायबर (कॉम्प न घेतलेला) मालक असेल, किंवा ड्रायव्हर मालकीच्या ट्रकवाला असून पॉलिसी ऑक्युपेशनल अ‍ॅक्सिडेंटची असेल, तर ते कॉम्पच नव्हे. मग १८५ आणि ४१७ दोन्ही बाद. पॉलिसीतलं कलम, त्यातली कायद्याच्या निवडीची अट आणि कदाचित एरिसा (नोकरीतल्या लाभयोजनांचा फेडरल कायदा) हे बघावं लागेल. डेक्लेरेशन पेज पाच मिनिटांत वाचून होतं, आधी ते वाचा.

दोन. मागू शकतो. एका राज्याची भरपाई घेतली म्हणून दुसऱ्याचं दार बंद होत नाही, हे थॉमस विरुद्ध वॉशिंग्टन गॅस लाइट (१९८०) पासून आहे. आधीची रक्कम वजा होते इतकंच. मात्र राज्याबाहेरच्या अपघाताला जॉर्जियाची कॉम्प मिळायला नोकरीचा करार जॉर्जियात झालेला लागतो, कलम ३४-९-२४२. तुम्ही ‘भरती टेक्ससात’ लिहिलंत, ते कशावरून? ड्रायव्हरने डाल्टनला घरी बसून फोनवर होकार दिला असेल किंवा मोबाइलवर सही केली असेल, तर करार पूर्ण झाला तो जॉर्जियात, असं म्हणायला जागा होते. ऑफर लेटर, सहीची वेळ आणि जागा मालकाकडून मागवा. आणि पुढे जॉर्जियाखाली खरंच काही पैसे गेले, तर तेवढ्या भागाचं लिएन जॉर्जियाच्या नियमाने. दोन रकमा एका लेजर टोटलमध्ये मिसळू देऊ नका.

---

लेजरताई:

पत्राचं मी सांगते. दीड पान पुरे. पहिल्या परिच्छेदात ‘टेक्ससच्या वर्कर्स कॉम्प कायद्याखाली दिलेले आणि लेबर कोड प्रकरण ४१७ प्रमाणे वसूल करायचे लाभ, अमुक तारखेपर्यंत ९२,००० डॉलर, आणि पुढे देय होतील ते’. हे शेवटचे चार शब्द गळू देऊ नका. दुसऱ्यात १८५, आणि जॉर्जियाचं कलम रहिवासामुळे लागू होत नाही एवढंच. त्यांच्या पूर्ण भरपाईच्या मुद्द्यावर वाद घालत बसलात तर जॉर्जिया लागू आहे हे अर्धं मान्य केल्यासारखं दिसतं. तिसऱ्यात लिएनचा निकाल लागल्याशिवाय पैसे वाटू नका. प्रत समोरच्या विमेदारालाही, सर्टिफाइड मेलने. विमेदाराला नोटीस नसेल तर तो चेक वकिलाला देऊन मोकळा होतो आणि तुम्ही वकिलाच्या मागे.

पुरावा जपण्याचं पत्र गेलंय का? व्यावसायिक वाहनाच्या ड्रायव्हरच्या कामाच्या तासांच्या नोंदी फेडरल नियमाने सहा महिनेच ठेवाव्या लागतात. तुमचे नऊ झाले. तरी आजच पाठवा, डॅशकॅम आणि इंजिन मॉड्यूलचा डेटा कधीकधी राहिलेला असतो.

वेव्हर एंडोर्समेंट, म्हणजे वसुलीचा हक्क आधीच सोडल्याची पॉलिसीतली पुरवणी (डब्ल्यूसी ०० ०३ १३, टेक्ससचं वेगळं), इथे लागू व्हायची शक्यता कमी, रस्त्यावरच्या परक्या ट्रकशी मालकाचा करार कुठला असणार. तरी पॉलिसीत बघून ‘नाही’ अशी टीप टाका. बांधकामाच्या फाइलीत मात्र हे आधी बघायचं, आणि तिथेही राज्य महत्त्वाचं: मिसुरीत बांधकामाच्या करारातला असा आगाऊ वेव्हर कायद्याने रद्दबातल आहे.

---

जुना_मांडवीकर:

विषय तुमचा, पण आमच्याकडे मकरपुरा जीआयडीसीतले लोक नेहमी विचारतात म्हणून जोडतो. बडोद्याच्या कारखान्याचा फिटर पीथमपूरला मशीन बसवायला गेला आणि तिथे परक्या क्रेनने जखमी झाला, तर गुजरातचा कायदा की मध्य प्रदेशचा, हा प्रश्न आपल्याकडे उद्भवत नाही. कायदा केंद्राचा, दोन्हीकडे तोच. प्रश्न येतो तो कुठल्या दारात जायचं याचा. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात कलम २१ प्रमाणे अपघाताची जागा, दावेदाराचं राहण्याचं ठिकाण किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय, तिन्हीपैकी कुठल्याही आयुक्ताकडे जाता येतं. वसुलीचा हक्क कलम १३ मध्ये: भरपाई देणारा मालक, आणि कलम १२ खाली ज्याला भरपाईची झळ बसली तोही, खऱ्या दोषी परक्याकडून ती वसूल करू शकतो.

अडतं कुठे ते सांगतो. क्रेन मोटार वाहन ठरली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ प्रमाणे कामगाराने एकच रस्ता निवडायचा, कर्मचारी भरपाई किंवा मोटार अपघात न्यायाधिकरण; दोन्ही नाही. तो न्यायाधिकरणाकडे गेला तर मालकाने काही दिलेलंच नसतं, मग कलम १३ ची फाइल कशाची उघडायची? आणि कामगार ईएसआयखाली असेल तर ईएसआय कायद्याच्या कलम ५३ मुळे मालकाकडून भरपाई मागण्याचा रस्ताच बंद. त्यामुळे विमेदाराने पहिलं पाहायचं ते ईएसआयचं विमाक्रमांकाचं कार्ड. वरची कर्मचारी भरपाई आणि ईएसआयची कलमं जुन्या कायद्यांची; २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्यांच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे, तेव्हा अपघाताची तारीख बघूनच कलमांचे आकडे लिहावेत.

---

रात्रपाळी_बडोदा:

कळलं. डेक्लेरेशन पेज आलं: सबस्क्रायबर आहे, ३-ए त टेक्सस, जॉर्जिया ३-सी त. डब्ल्यूसी-१ मात्र फाइलमध्ये सापडला, बी भाग भरलेला, अकरा दिवसांनी मागे घेतल्याची नोंद आहे. त्या अकरा दिवसांत एकही चेक गेलेला नाही.

---

पोटकलम:

मग तो कागद लपवू नका. पेमेंट हिस्ट्रीचं पान त्याच्या मागे जोडून पत्रात एका ओळीत स्वतःच सांगा: फॉर्म चुकून भरला, मागे घेतला, जॉर्जियाखाली शून्य दिले. त्यांनी शोधून काढण्याआधी तुम्ही सांगितलेलं बरं. आणि चॅटनूगाचा वकील आजच बघायला सांगा. चॅटनूगा ईस्टर्न वेळेत आहे. शेवटच्या दिवशी तिथलं ऑफिस बंद होईल तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असेल. डायरीत तारीख अमेरिकेचीच ठेवा, आणि रिमाइंडर तिच्या साठ दिवस आधी.